हेडलाइटचा बल्ब सारखा का उडतो? आधी उडालेला बल्ब नीट बघा

तासगावच्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलंय: "माझी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. वर्षभरात हेडलाइटचे सात बल्ब गेले. एकही धड दोन महिने टिकला नाही. मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर बदला. स्पेअर पार्टवाला म्हणतो शंभर-नव्वद वॉटचा बल्ब टाका. मुलगा म्हणतो एलईडी बसवा आणि मोकळे व्हा. पहाटे बागेत जायला आणि रात्री सांगलीहून परतायला गाडी लागतेच. नेमकं काय करू?"

दादा, सव्वीस वर्षं मी सांगलीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक तुमच्यासारखंच तीन जणांचे तीन सल्ले घेऊन आलेलं असतं. तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी आहे. जुना बल्ब कुणी हातात घेऊन बघितला नाही आणि गाडीला मीटर कुणी लावला नाही. कोणता बल्ब टाकू हा तुमचा प्रश्न पुढचा. आधी शोधायचंय ते हे, की चांगले सात बल्ब तुमच्या गाडीत कशाने गेले.

सुरुवात हिशोबाने करू. बल्बचं आयुष्य महिन्यांत मोजायचं नसतं, पेटलेल्या तासांत मोजायचं असतं. साधा, चांगल्या कंपनीचा हॅलोजन बल्ब काही शे तास चालतो. तुम्ही पहाटे अर्धा तास आणि रात्री पाऊण तास दिवे लावता असं धरलं, तर दोन महिन्यांत होतात साधारण पंचाहत्तर तास. एवढ्यात बल्ब जाणं बरोबर नाही, तुमची तक्रार खरी आहे. हाच प्रश्न मिरज स्टेशनवर रात्रभर भाडी मारणाऱ्या टॅक्सीवाल्याने विचारला असता, तर मी त्याला म्हटलं असतं की रोज सहा तास दिवे लागतात, दोन महिन्यांत साडेतीनशे तास झाले, बल्बने आपलं काम केलं. म्हणून दिवे रोज किती वेळ लागतात, हा माझा पहिला प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न तुमच्या पत्रात राहून गेलाय. हे सात बल्ब एकाच बाजूचे की दोन्हीकडचे? याच्या उत्तरावर अर्धी शोधाशोध वाचते. सात गेले आणि सातही डावीकडचेच असतील, तर अल्टरनेटरला हात लावू नका. अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा डायनॅमो. तो दोन्ही बल्बना सारखाच करंट देतो, तो डाव्या-उजव्यात फरक करत नाही. दोष त्या एका दिव्याच्या आसपास आहे: होल्डर, कपलर (बल्बच्या पिनांवर बसणारा वायरचा जोड), क्लिप, आत शिरणारं पाणी, नाहीतर हलणारा हेडलाइट. पण कधी डावा, कधी उजवा असं चाललं असेल तर संशय सगळ्या गाडीच्या व्होल्टेजवर, बॅटरीच्या जोडणीवर किंवा बल्बच्या दर्जावर जातो. दोन्ही बल्ब एकाच दिवशी टाकले आणि भरपूर चालून एकाच आठवड्यात गेले तर त्यात काही वावगं नाही, एकाच वयाचे होते. आणखी एक बघा: अप्परची (लांबच्या उजेडाची) तार जाते की डिपरची (जवळच्या उजेडाची)? डिपर जास्त लागतो म्हणून तो आधी जाणार. पण अप्पर फारसा न लावताही त्याचीच तार तुटत असेल, तर तो तासांचा खेळ नव्हे, धक्क्याचा किंवा काचेचा आहे.

आता उडालेला बल्ब. माझ्या दुकानात एका डब्यात जुने बल्ब ठेवलेत, हाताखालच्या पोरांना शिकवायला. पुढचा बल्ब जाईल तेव्हा तो फेकू नका, उजेडात धरून बघा.

काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल, तर तारेचं टंगस्टन उडून काचेवर बसलंय. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तो उडालेलं टंगस्टन पकडून परत तारेकडे नेतो, म्हणून चांगल्या बल्बची काच शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहते. खूप तास चाललेल्या बल्बची काच काळवंडली तर समजू शकतो. दोन महिन्यांच्या बल्बची काळवंडली, तर व्होल्टेज जास्त मिळतंय किंवा बल्बच हलक्या दर्जाचा आहे. तुटलेल्या तारेच्या टोकांना वितळून गोळी झालेली दिसली, तर जादा व्होल्टेजचा संशय वाढतो.

काचेच्या आत पांढरट, दुधासारखी भुकटी दिसली तर आत हवा गेली आहे. तापलेलं टंगस्टन हवेत जळून तो थर बसतो. म्हणजे काचेला बारीक तडा आहे किंवा बुडाशी सील सुटलंय. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की असं होतं.

काच अगदी स्वच्छ, तार मात्र मधेच तुटून लोंबतेय, असं असेल तर बल्ब हादऱ्याने मेलाय. पेटलेल्या अवस्थेत तार पांढरी होईपर्यंत तापलेली आणि नरम असते, तेव्हा बसलेला दणका तिला सोसत नाही.

काचेवर एका जागी फुगवटा किंवा डाग असेल तर बसवताना बोट लागलंय. आणि काच ठीक, पण खालच्या पिना काळ्या-निळ्या झाल्यात, प्लास्टिकचा कपलर पिवळा पडून वितळलाय, असं असेल तर कपलर ढिला आहे. हा प्रकार तर मला सगळ्यात जास्त बघायला मिळतो.

एवढं बघितल्यावर मीटर काढायचा. साधा डिजिटल मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, आणि बागेत मोटार-स्टार्टर असणाऱ्या माणसाच्या घरात तो असतोच. डीसी वीस व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन बंद, तर बॅटरीवर १२.४ ते १२.७ च्या आसपास दिसायला हवं. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा, दोन हजाराच्या आसपास, दिवे लावा, आणि परत बॅटरीच्या टर्मिनलवरच बघा. साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत असेल तर चार्जिंग ठीक आहे. १४.८ च्या वर जाऊन तिथेच राहिलं, पंधरा ओलांडलं, तर कटआउट म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर आपलं काम करत नाही.

अर्ध्या-पाऊण व्होल्टने काय बिघडतं, असं पुष्कळ जण विचारतात. इथे खूप बिघडतं. बल्बचं आयुष्य व्होल्टेजला फार तिखटपणे बांधलेलं असतं. पाच टक्के व्होल्टेज वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. हे बल्ब तपासतात १३.२ व्होल्टवर. त्यांना सतत पंधरा मिळत राहिले, तर आयुष्य ढोबळमानाने पाचव्या हिश्श्यावर येतं. चारशे तासांचा बल्ब ऐंशी तासांत जाईल. तुमचे पंचाहत्तर तास आठवा. म्हणून मेकॅनिकचा अल्टरनेटरवरचा संशय मी सरसकट चुकीचा म्हणणार नाही. न मोजता बदलायला सांगणं चुकीचं आहे, एवढंच. शिवाय कटआउट खराब असेल तर बऱ्याच अल्टरनेटरमध्ये तो तेवढाच बदलता येतो, पूर्ण अल्टरनेटर काढायची गरज नसते.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा संगणक ठरवतो. ते कधी साडेबारा, कधी पंधराच्या जवळ असं खालीवर होतं. अशा गाडीत एकदा मीटर लावून निकाल देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवा, दिवे-पंखा लावून आणि बंद करून बघा, आणि तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा जाणकाराकडून घ्या.

एक उदाहरण सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. त्यातली एक गाडी वाळवून, साफ करून चालू झाली. दीड वर्षाने ती माझ्याकडे आली ती हेच दुखणं घेऊन: दोन्हीकडचे बल्ब जातात. मालकांनी बल्ब तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे घालून बघितले होते. मी मीटर लावला तर बॅटरीवर १५.६. बॅटरीचं पाणीही पटापट कमी होत होतं आणि बॉनेट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. अल्टरनेटर मात्र चांगला होता. त्याच्या मागच्या छोट्या कपलरमध्ये एक बारीक वायर असते, जी बॅटरीचं व्होल्टेज कटआउटला कळवते. पुराच्या पाण्याने ती पिन हिरवी पडली होती. बॅटरीवर चौदा असताना कटआउटला तेरासुद्धा दिसत नव्हते, म्हणून तो बिचारा आणखी आणखी चार्ज देत होता. पिन बदलली, कपलर साफ केला, व्होल्टेज १४.२ वर आलं. तुमची गाडी कधी पाण्यात उभी होती का, हे मला म्हणूनच विचारायचंय. जुनी घेतली असेल तर ज्यांच्याकडून घेतली त्यांनाही विचारा.

बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा. हलले तर तिथेच थांबा, आधी ते घट्ट करा. बॅटरी ही सगळ्या गाडीचा झटका झेलणारी उशी आहे. टर्मिनल खड्ड्यात क्षणभर सुटलं की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि ते बल्बवर येतं. पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पुसा, घट्ट करा आणि वर थोडं व्हॅसलीन लावा. धंद्यातल्या माझ्या पहिल्या दोन वर्षांत एका गिऱ्हाईकाचा अल्टरनेटर मी उगाच बदलायला लावला होता. बल्ब परत गेले आणि दोष निघाला सैल टर्मिनलमध्ये. पैसे मी परत केले, पण त्या माणसाचे पंधरा दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून मीटरआधी माझा हात टर्मिनलवर जातो.

इथे कळकळीने सांगतो: अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. ती कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी कितीतरी पट व्होल्टेज उसळू शकतं. बल्ब तर जाईलच, आजच्या गाडीचा ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणकसुद्धा जाऊ शकतो, आणि त्याच्या किमतीत शेकड्यांनी बल्ब येतील.

बॅटरीवर व्होल्टेज ठीक निघालं तर होल्डरवर मोजा. कपलर काढून नुसत्या वायरवर मोजू नका, बल्ब पेटलेला असतानाच कपलरच्या मागून मीटरची टोकं आत सरकवा. भार नसताना सडकी वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. आणि पिन-ते-बॉडी न मोजता बल्बच्या दोन पिनांच्या मध्ये मोजा, कारण बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत बल्बला प्लस कायम येतो आणि स्विच अर्थच्या म्हणजे मायनसच्या बाजूला असतो. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी असेल तर चालेल. त्याहून बरंच कमी असेल तर वायर, अर्थ किंवा कपलर कुठेतरी अडतंय. खराब अर्थने बल्ब सहसा मंद होतो, उडत नाही. पण ढिली जोडणी वेगळी. ती दर खड्ड्यात क्षणभर सुटते आणि जोडते. थंड तारेत पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट शिरतो. तासगाव ते सांगली या एका फेरीत तसं शंभरदा होत राहिलं तर तार किती दिवस तग धरेल? ठिणगीने पिना जळतात त्या वेगळ्याच. कपलर पिवळा पडला असेल तर पकडीने दाबून घट्ट करण्यात अर्थ नाही, तापलेल्या पत्र्याचा ताण गेलेला असतो. नवीन कपलर घाला, शक्यतो चिनी मातीचा, आणि जोडताना वायर नुसती पिळून टेप मारू नका. नीट झाळा किंवा क्रिंप करा.

आता हादरे. तुम्ही बागेतल्या कच्च्या रस्त्यावर पहाटे दिवे लावून जाता, म्हणजे तार तापलेली असताना तिला रोज दणके बसतात. चांगल्या बसवलेल्या बल्बला हे सोसतं. बॉनेट उघडा, हेडलाइट दोन्ही हातांनी धरून हलवा. डुगडुगला तर त्याचा कान, म्हणजे त्याला गाडीला धरून ठेवणारा प्लास्टिकचा तुकडा, मोडलाय. जतकडच्या एका गिऱ्हाईकाचा उजवा बल्ब सतत जायचा. गाडीला पूर्वी कोपऱ्यात किरकोळ ठोकर लागली होती आणि बंपर बदलला होता, पण हेडलाइटचा तुटलेला कान तसाच ठेवून बंपरच्या आधाराने दिवा टेकवला होता. रात्री समोरून बघितलं तर उजेड भिंतीवर थरथरायचा. कान प्लास्टिक वेल्डने पक्का केला, आणि वर्षभर त्यांनी बल्ब घेतला नाही. बल्ब धरणारी तारेची क्लिपही बघा. ती दोन्ही बाजूंनी खाचेत बसली पाहिजे, आणि बल्बची तीन पत्र्याची पाती आपापल्या खाचेत. घाईत बसवलेला बल्ब थोडा तिरका राहतो, हलतो, आणि उजेडही वर जातो.

मागचं रबरी टोपण जागेवर आहे का? बल्ब बदलताना ते काढतात आणि पुष्कळदा तिथेच विसरतात. मग पावसाचं, धुण्याचं पाणी थेट तापलेल्या काचेवर. महाबळेश्वर-पाचगणीकडून येणाऱ्या गाड्यांत हे पावसाळाभर दिसतं. काचेच्या आत सकाळी हलकं धुकं धरून दिवे लावल्यावर जात असेल तर काळजी नको. थेंब ओघळत असतील, तळाला पाणी साचत असेल, तर सील गेलंय.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बूड धरा. बोटाचं तेल-घाम तापून त्या जागी काच कमजोर होते. लागलंच तर स्वच्छ कापडावर स्पिरिट घेऊन पुसा, वाळू द्या. गाडी स्टार्ट करताना दिवे बंद ठेवायची सवयही लावून घ्या.

राहिले दोन सल्ले. शंभर-नव्वदचा बल्ब मी तुमच्या गाडीत घालणार नाही. मूळ साठ-पंचावन्न वॉटचा एक बल्ब अप्परला साधारण पाच अँपिअर ओढतो. शंभर वॉटचा सव्वाआठच्या वर, म्हणजे दोन मिळून सोळा-सतरा. कंपनीची बारीक वायर, कॉम्बिनेशन स्विच आणि कपलर यांना तो भार झेपत नाही. आधी कपलर वितळतो, मग रिफ्लेक्टरची चकाकी करपते. तुमचं दुखणं ढिल्या कपलरचं असेल तर या बल्बने ते दुप्पट होईल. मूळ वॉटचाच बल्ब, रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा विजेवर चालणारा स्विच) लावून दिला तर उजेड स्वच्छ पडतो, ते काम मी आवडीने करतो. पण रिले लावला की बल्बला जवळजवळ पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज मिळतं. कटआउट बिघडलेल्या गाडीत रिले लावला तर बल्ब आणखी लवकर जातील. म्हणून आधी व्होल्टेज, मग रिले.

बल्ब घेताना निळसर लेप दिलेले "पांढऱ्या उजेडाचे" आणि "इतके टक्के जास्त उजेड" लिहिलेले बल्ब टाळा. लेप उजेड खातो, तो भरून काढायला तार जास्त तापवलेली असते, आणि जास्त उजेडवाल्यांचं आयुष्य मुळातच कमी असतं. तुमचे सात बल्ब असे होते का? तसे असतील तर बाकी काहीच बिघाड नसण्याचीही शक्यता आहे. साधा, स्टँडर्ड किंवा लाँग लाइफ लिहिलेला, खात्रीच्या दुकानातून, पावतीसकट घ्या.

एलईडीबद्दल मुलाला सांगा, की हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा उजेड नीट गोळा होत नाही. आपल्याला पांढरं लख्ख दिसतं, पण समोरच्याचे डोळे दिपतात आणि लांबचा रस्ता उलट कमी दिसतो. शिवाय ढिला कपलर आणि जादा व्होल्टेज एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्याला करंट पुरवणाऱ्या सर्किटलाही मारतं. मूळ दोष तसाच ठेवून महागडा दिवा जळेल.

येत्या रविवारी एवढं करा: टर्मिनल हलवा, व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा, कपलर आणि क्लिप बघा, हेडलाइट हलवून बघा. तासाभराचं काम आहे आणि खर्च शून्य. आकडे, कोणती बाजू, आणि पुढचा बल्ब गेला तर त्याच्या काचेचा रंग मला कळवा, मग नेमकं काय बदलायचं ते सांगतो.

तोवर एक साधा बल्ब त्याच्या खोक्यात, मऊ कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवा, आणि दिवसा एकदा तो स्वतः बदलून बघा म्हणजे रात्री अडणार नाही. उसाचा हंगाम चालू असताना आपल्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, आणि एकच दिवा लागलेली कार समोरच्याला मोटारसायकल वाटते. वाटेत बल्ब गेला तर एका दिव्यावर घर गाठायची घाई करू नका. रस्त्याच्या बाजूला सुरक्षित जागी थांबा, पार्किंग लाइट लावा, जुना बल्ब गार होऊ द्या, आणि नवीन बसवूनच निघा.